दोन बोटं

गिरणीच्या खोलीत, चक्कीच्या उजव्या हाताला,
भिंतीवर खडूच्या रेघा आहेत.
वरच्या संबोधीच्या, खालच्या घोष्याच्या.
पीठ बसून बसून त्या पुसट होतात,
मी दर चौदा एप्रिलला नव्या ओढते.

यंदा मधेच मोजावं लागलं.
नागपूर रोडला पाण्याचं पार्क निघालंय,
भावाने त्याचा कागद पाठवला, चकचकीत, निळा.
तीन फुटांखाली फुकट.
मोठी घसरगुंडी फक्त चार फुटांवर.
कपडे नायलॉनचेच.
घरचं खाणं गेटबाहेर.

कुंदाताईचा शिलाईचा टेप आणला.
संबोधी चार फुटाला दोन बोटं कमी.
घोष्या तीन फुटाला दोन बोटं जास्त.

मी दळणाच्या डब्यावर बसूनच घेतलं.
माझं सारं आयुष्य वजनकाट्यापाशी गेलं,
इकडचं ओंजळभर तिकडे सारलं
की काटा सरळ होतो.
ही चार बोटं मात्र
घरातल्या घरात असून सारता येत नाहीत.

देवानंद म्हणतो, "दिवाळीनंतर जाऊ,
तवरक पोरगी भरते."
"अन् पोरगा? तो काय तुह्यासाठी थांबते?"
यावर तो मोबाइल पाहत राहिला.

मग वहीच्या मागच्या पानावर मी दिवस आखला.
पाच वीसची गाडी, जाम चौरस्त्यावर उतरायचं,
तिथून मिळेल ती.
पोळ्या, कोरडं बेसन, मुरमुऱ्यांचा डबा,
सारं आत जायच्या आधी, गेटसमोरच्या लिंबाखाली.
नायलॉनचं भाडं माणशी साठ,
देवानंद काठावर बसेल, त्याचे वाचले.
घोष्याची दुसरी चड्डी. तिसरी पण.
शेजारच्या दुर्पताबाईचा नातू येतो म्हणत होता,
त्याला कसं नाही म्हणायचं, हे अजून लिहिलं नाही.

संबोधीने परस्पर उपाय काढले.
चपलेत वर्तमानपत्राच्या घड्या,
डोक्यावर उंच अंबाडा, आत जुना मोजा.
"वल्ली झाल्यावर काय करशीन?" मी विचारलं.
ती गप्प झाली, मग म्हणाली,
"वर गेल्यावर वल्ली होईन न व आई.
तवा कोण मोजते?"

घोष्याला मी शिकवलं तिकीटवाल्यासमोर उभं राहायचं.
गुडघे जरासे वाकव. मान खाली.
फ्रॉकवाली मावशी दिसली की हसू नको.
आठ दिवस सराव केला.
अंगणात वाकून चालायचा, म्हाताऱ्या बोकडासारखा.
काल टेप भिंतीला लावला, म्हटलं, दाखव,
तर हा टाचा उचलून, छाती काढून,
श्वास कोंडून लाल झालेला.
"मले मोठं मोजजो," म्हणाला.

मी तशीच रेघ ओढली.
टाचांसकट.

आज संध्याकाळी पाटीवर लिहून टांगलं:
"उद्या गिरणी बंद. पीठ रात्रीच न्यावे."
नऊला लाइन गेली ती साडेदहाला आली,
शेवटची ज्वारी दळून होईस्तोवर बारा.
केसांतलं पीठ झटकत घरात आले तर
दोघं सतरंजीवर आडवी,
पिशवी उशाशी, चपला पायात.
झोपलेल्या लेकराला उंची नसते,
नुसती लांबी असते,
आणि ती सतरंजीवर मावते.

वही उघडली. घोष्याच्या नावापुढे
"फुकट" लिहिलं होतं, दोनदा अधोरेखित.
ते खोडलं. एक तिकीट मांडलं.
संबोधीच्या नावापुढे काय मांडावं ते सुचेना.
तिचा अंबाडा सुटून मोजा बाहेर आला होता,
तो धुऊन दोरीवर टाकला.
चारपर्यंत वाळेल. वारा आहे.